रुसून गेलेला हापसा

चादरीची ओढाओढ थांबली की सांगते. थांबली? मग ऐका. एक होतं गाव. शहर म्हणावं तर लहान, खेडं म्हणावं तर मोठं. चहूकडे ज्वारी आणि मध्ये गाव. सोयी सगळ्या होत्या, पण एकेकच बरं का. पाण्याला एक हापसा, दळायला एक गिरणी आणि एसटीची वाट बघायला पत्र्याचा एक थांबा. तिन्ही सगळ्या गावाच्या मालकीच्या.

हापशाला लागूनच हौसाबाईचं घर. घरात ती आणि तिची गाभण गाय, चांदी. तिसरं कोणी नाही. चांदीचे दिवस भरत आले होते, आणि हौसाबाईचा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी अवजारं पुजायची ही गावाची रीत. विळे-कोयते घासले. शिंप्यानं मशीन पुसलं, वाण्यानं तराजू. ट्रॅक्टरला तर झेंडूचे इतके हार घातले, की त्याचे दिवेच दिसेनात. हौसाबाईनं खुरप्याला फूल वाहिलं, चांदीच्या गळ्यात माळ घातली, दाराला हार बांधला. एक हार उरला. तो घेऊन ती हापशाकडे निघालीसुद्धा. मग थबकली. म्हणाली, "अख्ख्या गावाचा हापसा हाय. घालंल की कुनीतरी." आणि तो हारही आपल्याच दाराला लावून मोकळी झाली. आता गावात ज्याला त्याला असंच वाटलं. मग सांगा, कोणी घातला असेल?

दसऱ्याच्या सकाळी चांदी व्याली. पांढरीशुभ्र कालवड झाली. व्यालेल्या गाईला गूळ घालून कोमट पाणी पाजायचं असतं. हौसाबाई कळशी घेऊन बाहेर आली, आणि कळशी हातातून सुटलीच. ओट्यावर हापसा नव्हता. होतं नुसतं भोक, काळंकुट्ट.

मग ती धावली गिरणीकडे, माणसं बोलवायला. तिथं बाया डबे घेऊन रांगेत उभ्या, आणि समोर रिकामी फरशी. गिरणीच नाही. ओरडा ऐकून गाव गोळा झालं. मग सगळे पळाले थांब्याकडे. एसटी आली. ड्रायव्हरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. थांबाच दिसेना, तेव्हा बिचाऱ्यानं गाडी तशीच पुढे नेली. सरपंच तात्यासाहेब तिथंच मटकन खाली बसले.

हौसाबाईला बसून चालणार नव्हतं. घरी चांदी कोरडी बादली चाटत होती. हौसाबाई पुन्हा ओट्याशी आली आणि खाली वाकून बघते तर काय, मातीत गोल गोल खळगे. कोणीतरी लंगडी घालत गेल्यासारखे. ती त्या मागानं निघाली. ज्वारीतून, बांधावरून, थेट माळावर. तिच्या मागे सगळं गाव.

माळावर एक बाभूळ होती. बाभळीखाली तिघं बसलेली. हापसा, गिरणी आणि थांबा. तिघांनीही गावाकडे पाठ केलेली. आणि मग हापसा बोलला. हसू नका, बोलला म्हणते ना मी.

"ट्रॅक्टरला हार, तराजूला हार, तुझ्या दाराला तर दोन दोन. आन् आमाला एक पाकळी न्हाई?"

सगळ्यांच्या माना खाली. मग तात्यासाहेब पुढे झाले. म्हणाले, "नवा रंग देतो तुला." हापसा हलला नाही. मग वाणी पुढे झाला. म्हणाला, "संगमरवरी ओटा बांधतो, वर माझं नाव कोरतो." हापशानं एक उडी मारली आणि आणखी लांब जाऊन बसला.

मग हौसाबाई गेली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिला रडू कोसळलं.

"हार माझ्या हातात हुता रं," ती म्हणाली. "माझाच हात आखडला. राग माझ्यावर धर, पर चांदीला तान्हेली ठिवू नगंस. कालच्यानं तिच्या पोटात पानी न्हाई."

मग तिनं पदरानं हापशाच्या पायाचा चिखल पुसला. माळावर तरवड फुलला होता, त्याची पिवळी फुलं तोडली. पदराचा दोरा उसवला, त्यात ओवली आणि हापशाच्या दांड्याला बांधली. मग गिरणीला. मग थांब्याला. इतक्यात हापशाच्या तोंडातून टपकन एक थेंब पडला. हापसा हळूच म्हणाला, "चल, गाय तान्हेली हाय."

मग काय विचारता. पुढे हापसा लंगडी घालत, मागे गिरणी घरघरत, आणि थांबा आपले चार लोखंडी पाय टाकत. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी खिळली. हापसा ओट्यावर चढला, हौसाबाईनं बादली भरली. चांदीनं बादलीत तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. हौसाबाई तिच्या गळ्यात पडून रडली आणि हसली.

तेव्हापासून त्या गावात खंडेनवमीचा पहिला हार हापशाला, गिरणीला, थांब्याला. घरोघरचा एकेक. कोणीतरी घालेल असं कोणी म्हणत नाही. गाव सुखात आहे, चांदीची कालवड आता स्वतः दूध देते. पण जाऊन बघा हवं तर, हापसा ओट्यावर बोटभर तिरका उभा असतो. आला खरा परत, पण पुन्हा रुसला तर निघायला पाय त्यानं मोकळाच ठेवलाय.

घ्या आता पाय आत आणि मिटा डोळे.