वाटाड्याची आठवण

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी तेव्हा रेवणअप्पांच्या मठात, ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो आणि सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

म्हणजे मठाला ओसरी नाही, पत्र्याची शेड आहे. आणि मी त्या दिवशी लातूरला होतो. पण ऐकलं मात्र कानांनीच.

"एकदा उघडतात, अप्पा. दुसऱ्यांदा उघडत नाहीत. का?"

विचारणारा यशोधन खांबेटे. पुण्याचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे बसायच्या आधी सांगणारा. त्याच्या कंपनीनं 'वाटाड्या' नावाचा ब्राउझर काढला होता. फोनवर इंटरनेट उघडायचं ते चित्र असतं ना, त्यातलाच एक प्रकार. मराठी माणसासाठी खास मराठीत.

पुण्यात तो बरा चालला. उमरग्याच्या बाजूला या एका तालुक्यात मात्र वापरणाऱ्यांचा आकडा येऊन बसला तो बसलाच. चार हजार एकशे बारा. आठ महिने. रोज जितकी माणसं तो फोनमध्ये घेत, तितकीच काढून टाकत. एकानं कमी नाही, एकानं जास्त नाही.

वरच्या साहेबांनी कारण विचारलं होतं. यशोधनची बायको गिरिजा याच गावची, आणि हा मठ तिच्या माहेरचं गुरुघर. ती म्हणाली, अप्पांना विचारून बघ. तो हसला होता. पण तिच्याबरोबर आला.

अप्पांनी दोघांच्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

"जावईबापू, आधी त्यात चांगलं काय आहे ते सांगा की."

यशोधननं खोबऱ्याचा तुकडा दातांनी बारीक केला. आणखी बारीक केला. मग मान थोडी उजवीकडे कलती करून गिळला.

अप्पा बघत होते.

गिळायला तो भीत होता. गळ्यात डाव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. दीड महिन्यापूर्वी दाढी करताना बोटाला लागलं. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तो फोनवर त्याबद्दल वाचत होता. रोज थोडं पुढे. डॉक्टरकडे गेला नव्हता. गिरिजाला सांगितलं नव्हतं. तोंडानं म्हटलं की ते खरं होईल, असं त्याला वाटायचं.

पण ब्राउझरबद्दल विचारल्यावर त्याचा आवाज सुटला.

"आठवण. ती माझी कल्पना. बाकीचे ब्राउझर कोरं पान दाखवतात. आमचा उघडल्याबरोबर सांगतो, तुम्ही काल काय शोधत होता, कुठवर आला होता. मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलेलं असतं, 'इथून पुढे चला'. माणसाला काही विचारावंच लागत नाही."

"कुणाला सांगतो?"

"ज्याचा फोन आहे त्याला."

"बरं. आणि पुसायचं झालं तर?"

"पुसता येतं. पाच ठिकाणी दाबावं लागतं. पण पुसेल कशाला कोणी?"

शेडच्या टोकाला नागम्मा झाडत होती. चाळिशीची, मठाची झाडलोट बघणारी. तिला त्यांनी हाक मारली.

"नागम्मा, तुमच्यात तो वाटाड्या होता की गं फोनमध्ये."

"होता."

"कुणी काढला?"

"काय की. एकच फोन हाय घरात, सहाजणं वापरतात. कुणीतरी काढला."

"वाईट होता का?" यशोधननं विचारलं.

"वाईट कशाला असंल, साहेब. लई चांगला होता. सगळं ध्यानात ठेवायचा." तिनं केरसुणी दुसऱ्या हातात घेतली. "आधी लेकानं उघडला. मग सुनेनं उघडला. मग मालकांनी उघडला."

"आणि मग?"

"मग कुणीच न्हाई उघडला."

"का पण?"

नागम्मानं अप्पांकडे बघितलं. अप्पा खाली बघत होते.

"त्याच आठवड्यात सुनेला माहेरी धाडली," ती म्हणाली.

"असं काय शोधलं होतं तिनं?"

"मला काय म्हाईत, साहेब. मला वाचाय येत न्हाई. ज्यांना वाचाय येतं, त्यांनी वाचलं."

ती परत झाडायला लागली. जिथे झाडून झालं होतं, तिथेच.

यशोधनच्या अंगावर काटा आला, पण तो त्यानं शर्टाच्या बाहीखाली ठेवला. असं एखाद्या घरात होतं, असं काहीतरी त्यानं म्हटलं. माणसांनी एकमेकांचे फोन बघू नयेत, असंही म्हटलं. ज्याचा त्याचा फोन असला की प्रश्न मिटला.

"तुमच्या घरात किती आहेत?" अप्पांनी विचारलं.

"फोन? चार."

"आणि माणसं?"

"दोन."

"मग तुम्हाला भ्यायचं कारण नाही."

"मला कशाला भीती वाटेल?"

अप्पांनी हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ, प्रसाद घ्यायला करतात तसा.

"द्या बघू."

"काय?"

"तुमचा वाटाड्या. चांगली वस्तू केलीत म्हणता, आम्हालाही दाखवा की."

एवढ्या वर्षांचा स्वामी हात पसरून बसलाय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. यशोधननं फोन काढला, अंगठा लावला, आणि दिला. फोन हातातून सुटला तेव्हा त्याला आठवलं.

कंपनीचा माणूस. तो दुसरा कुठला ब्राउझर वापरणार होता?

अप्पांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. "अक्षरं लागत नाहीत बुवा मला. गिरिजा, धर गं. ते वाटाड्याचं चित्र दाब, आणि आपल्या मठाचं नाव त्यात येतंय का बघ."

"द्या इकडे, मी बघतो," यशोधन म्हणाला.

"तुम्ही बसा की. ती बघते."

"नाही, तिला सापडणार नाही."

"का हो? मराठीतच आहे म्हणालात."

"अप्पा, फोन द्या."

हे तो मोठ्यानं बोलला. पत्रा वाजल्यासारखा आवाज आला. नागम्माची केरसुणी थांबली.

गिरिजानं नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"काय आहे त्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग?"



कुणी बाई असेल, असं आता तिला वाटत असणार. वाटू दे, असंही एक क्षण त्याच्या मनात आलं. बाई असती तर किती बरं झालं असतं. बाईचं काही सांगता आलं असतं, नाकारता आलं असतं, रडता आलं असतं.

त्याला ती चार हजार एकशे बारा माणसं दिसली. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनकडे येणारा घरातलाच कुणाचा तरी हात.

फोन अप्पांच्या हातातून गिरिजाच्या हातात गेला.

गिरिजानं तो घेतला, आणि न बघताच पालथा करून मांडीवर ठेवला.

"मी नाही बघत, अप्पा. त्यांचा आहे."

अप्पा हसले. "मिळालं का कारण, जावईबापू?"

त्याला मिळालं होतं. पुण्याला जाऊन त्यानं पहिल्या दिवशी 'आठवण' बंद केली. साहेब ओरडले, मग आकडा चार हजार एकशे तेरा झाला, तेव्हा गप्प बसले. आणि डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही.

अशी ही गोष्ट. मी ती तीन लग्नांत आणि एका बारशाला सांगितली आहे. लोक इथेच मान डोलावतात आणि पानाचा डबा पुढे करतात, म्हणून मीही इथेच थांबायचो.

पण आज लिहायलाच बसलोय, तर सांगून टाकतो. नागम्मा खरी आहे. तिची सून अजून माहेरी आहे. अप्पांनी हात पुढे केला, तो खरा. गळ्यातलं तर फारच खरं.

डॉक्टर मी घातला. तोवर तो कुठल्या डॉक्टरकडे गेला होता? आकडा वाढला, तोही मीच वाढवला. आणि गिरिजानं फोन पालथा केला, हे सगळ्यात मोठं खोटं. कुठली बायको पालथा करील?

तिनं चित्र दाबलं. वाटाड्या त्याच्या ख्यातीप्रमाणे लगेच उघडला, मोठ्या अक्षरांत, कोणाला काही विचारू न देता.

तिनं वाचलं. खाली सरकवून आणखी वाचलं. दीड महिन्याचं सगळं होतं, तारखांसकट.

नंतर तिनं फोन मांडीवर ठेवला, हात उचलला आणि नवऱ्याच्या गळ्याला लावला. डाव्या बाजूला. बोट बरोब्बर तिथे टेकलं.

"कधीपासून?"

तारीख तर तिनं वाचली होती. तरी विचारलं.

यशोधननं तोंड उघडलं. त्याला गिळायचं होतं, पण तिच्या बोटाखाली ते हललं असतं, तिला कळलं असतं. तो तसाच बसून राहिला, मान ताठ, डोळे अप्पांकडे. आता काहीही बोला, पण बोला, असे डोळे.

अप्पांनी फोन तिच्या मांडीवरून उचलला, विझवला, आणि त्याच्यासमोर ठेवला.

"भिऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "ही आता विसरायची नाही."