पूजेला लावलेली पुस्तकं

एक होता राजा. आता राजा म्हटलं की तुम्हाला वाटतं शूर असेल, दिलदार असेल. हा तसला काही नव्हता. डोक्यावर मुकुट होता म्हणून राजा म्हणायचं, एवढंच. ओजस, पाय आवर बघू, इराला लागतंय. पांघरूण घे आणि गप ऐक.

तर या राजाच्या राजवाड्यात एक मोठं दालन होतं. जमिनीपासून छतापर्यंत नुसती पुस्तकं. चित्रांची होती, नवलाच्या गोष्टींची होती, आणि बखरी होत्या. बखर म्हणजे राज्यात जे जे घडलं ते लिहून ठेवलेलं. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणी कुणाचं वाईट केलं. सगळं बरं का, नुसतं चांगलं चांगलं नाही.

पण त्या पुस्तकांना कुणी हात लावायचा नाही. का? तर ती पूजेला लावलेली होती.

आपण दसऱ्याला नाही का मांडत? पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो, पाटावर पुस्तकं ठेवतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. त्या दिवशी वाचायचं नाही, अभ्यास करायचा नाही. तुम्हाला काय, तेवढंच हवं असतं. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायच्या, पूजा हलवायची, की पुस्तकं पुन्हा आपली. या राजानं काय केलं, एका दसऱ्याला पूजा मांडली आणि ती हलवलीच नाही. वर्षानुवर्षं तशीच. कुणी आलं, म्हणालं, "महाराज, एखादं पुस्तक मिळेल का?" की राजा डोळे मिटून हात जोडायचा. "अहो, पूजेला बसलंय ते. पाप लागेल." मग तो माणूसही हात जोडायचा आणि परत जायचा. कुलूप घातलं असतं तर कुणीतरी फोडलं तरी असतं. पूजा कोण मोडणार? डोकं होतं मेल्याला, पण कशात वापरलं बघा.

या राजाला एक मुलगी होती. केतकी तिचं नाव. केतकीला आई नव्हती. आई कुठे गेली म्हणून विचारलं की राजा म्हणायचा, देवाघरी. आईचं नाव काय, विचारलं की म्हणायचा, जा, खेळ जा. मग ती भागूदाईकडे जायची. या भागूदाईनंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. ती बिचारी तोंडाला पदर लावायची. "मला नको इचारू गं बाय. शपथ घातलीया आम्हांस्नी."

घातलीच होती. राजानं अख्ख्या नगरीला पूजेपुढे उभं करून शपथ घातली होती, की राणीचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. आणि मग काय झालं सांगू? न घेता न घेता लोक ते नाव खरंच विसरले. भागूदाईसुद्धा विसरली. शपथ तेवढी आठवत होती.

केतकीला घोडा होता, मोत्यांची कुडी होती, चांदीचा पाळणा होता बाहुलीला. तिला त्यातलं काही नको होतं. आईचं नाव तेवढं हवं होतं.

एकदा काय झालं, दुपारची वेळ. राजा जेवून लवंडला होता, पहारेकरी भिंतीला टेकून पेंगत होता. केतकी हळूच त्या दालनात शिरली. समोर जे आलं ते पुस्तक ओढलं. ते निघालं चित्रांचं. तिनं पान उलगडलं आणि काय सांगू! चित्रातल्या पोपटानं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. आंब्याच्या चित्राला पाडाच्या आंब्याचा वास आला. हत्तीनं सोंड हलवली तर तिच्या गालाला वारा लागला. आणि प्रत्येक चित्राखाली अक्षरं. ती रोज दुपारी यायची आणि बोट ठेवून ठेवून बघायची. पोपट, आंबा, हत्ती. अशी ती वाचायला शिकली बरं का, कुणी शिकवलं नाही, छडी नाही, शाळा नाही.

मग एका पानावर एक बाई होती. नदीकाठी उभी, हातात पुस्तक, केसात केवडा. केतकीला ती फार आवडली. बाईनं तिच्याकडे बघितलं, ओठ हलवले, पण चित्रच ते, आवाज कुठला येणार? केतकीनं घाईघाईनं खालची अक्षरं वाचली. खाली लिहिलं होतं, राणी. बस. जसं पोपटाखाली पोपट, तसं राणीखाली राणी. केतकी इतकी चिडली की रडलीच.

मग तिनं दुसरं पुस्तक काढलं. ते होतं नवलाच्या गोष्टींचं. आहाहा! त्यात बोलणारी झाडं होती, पाण्याखालची गावं होती, एक म्हातारा होता तो चंद्राला रोज दाढी करायला बोलवायचा. केतकी मोठ्यानं हसली आणि मग घाबरून तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. इतकी वर्षं एवढी मजा इथे कुंकवाखाली पडून होती! तुम्हाला मी पुस्तकं आणून देते आणि तुम्ही त्यावर पाय ठेवून खिडकीत चढता. असो.

त्यातली एक गोष्ट एका नदीची होती. त्या नदीच्या पैलतीरावर कोण राहतं? तर ज्यांना कुणी रागानं घालवून दिलं ती माणसं. ती मरत नाहीत, म्हातारी होत नाहीत, नुसती वाट बघत बसतात. इकडची हाक तिकडे ऐकू जाते, तिकडची इकडे येत नाही. पण अलीकडे उभं राहून कुणी नाव घेऊन हाक मारली, की काठावरची होडी आपोआप सुटते, पलीकडे जाते, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला घेऊन येते.

केतकी धावत भागूदाईकडे गेली. "दाई, माझी आई मेली नाही ना गं?"

 दाईनं मान वळवून नदीकडे बघितलं. शपथ जिभेला घातली होती, डोळ्यांना नव्हती.

मग केतकी तशीच अनवाणी नदीवर गेली. काठावर होडी बांधलेली होतीच. ती मोठ्यानं ओरडली, "आई!"

आता आई म्हणून हाक मारल्यावर काय होतं? घाटावर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायका वळल्या. पलीकडे, अगदी लांब, मुंग्यांएवढ्या दिसणाऱ्या बायका होत्या, त्याही सगळ्याच्या सगळ्या वळल्या. होडी सुटली. निघाली. मधल्या धारेत जाऊन थांबली आणि गोल गोल फिरायला लागली. तिला कळेना कुणाला आणायचं. शेवटी रिकामीच परत आली. केतकीनं परत हाक मारली, घसा बसेपर्यंत मारली. होडी जायची, फिरायची, रिकामी यायची.

काय रे ओजस? "माझी आई" म्हणायचं? अरे, सगळ्यांच्या आया कुणाच्या तरी "माझी आई"च असतात.

मग राहिलं तिसरं पुस्तक. बखर. ती दालनाच्या मधोमध चौरंगावर होती, उघडी. कायम एकाच पानावर उघडी. पानावर हळदकुंकवाचे थरच्या थर. केतकीला ते पान चांगलं ओळखीचं होतं, पण वाचता येत नव्हतं तेव्हाचं. आता तिनं बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजानं आपली राणी," आणि पुढे कुंकू. मग पुढे, "हिला, आणि तिचं वाचन ऐकायला जमणाऱ्या बायकांना, होडीत घालून पैलतीरी धाडलं. अपराध हा, की राणीनं घाटावर बसून बखर मोठ्यानं वाचली. राजाचे आजोबा लढाई जिंकले नव्हते, पळून आले होते, हे त्यामुळे लोकांना कळलं."

एवढ्यासाठी! आजोबा पळाले म्हणून! अरे, पळाले तर पळाले, त्यात त्या बाईचा काय दोष? तिनं फक्त वाचलं. आणि लोकांनी काय केलं? आपल्या बायका, आपल्या बहिणी होडीत बसताना बघितल्या, शपथ घेतली आणि घरी जाऊन जेवले. मला तर अजून राग येतो.

केतकीनं नखानं ते कुंकू खरवडलं. हळू हळू, जपून. पण इतक्या वर्षांचं ओलं कुंकू त्या कागदात मुरलेलं. कुंकवाबरोबर कागदाचाच तुकडा निघाला. नावाच्या जागी भोक पडलं. फक्त त्या एका जागी बरं का. बाकी पानावर नुसते शिंतोडे होते, या एका शब्दावर मात्र ढीग होता.

आणि तेव्हा तिला आठवलं. दर दसऱ्याला राजा तिला मांडीवर घ्यायचा, तिचं इवलंसं बोट कुंकवात बुडवायचा, पाण्यात बुडवायचा, आणि म्हणायचा, "इथे लाव हं बाळ. इथेच. अजून लाव. शहाणी माझी ती." ती लावायची. तिला आवडायचं. सगळे कौतुकानं बघायचे. म्हणजे आईचं नाव पुसलं कुणी? तिच्याच बोटानं पुसलं. राजानं स्वतःचा हात स्वच्छ ठेवला.

केतकी ते पान घेऊन राजापुढे उभी राहिली. "आबा, आईचं नाव काय?"

राजा म्हणाला, "मला आठवत नाही."

"लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नाव तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं होतं गं. पण तांदूळ ते. ताट उचललं की मोडलं." मग राजानं कपाळ धरलं, डोळे मिटले. "खरंच आठवत नाही, केतकी."

आणि तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट. खोटं बोलणाऱ्याकडून खरं काढता तरी येतं.

केतकीनं दालनात जाऊन मूठभर अक्षता घेतल्या, पुस्तकांवर टाकल्या आणि चौरंग जोरानं सरकवला. "झाली पूजा," म्हणाली. "उठा आता." राजानं अडवलं नाही. तो कपाळ धरून तसाच बसला होता.

मग काय, सगळी नगरी लोटली. पोरांनी चित्रांची पुस्तकं पळवली. बायका नवलाच्या गोष्टी वाचायला लागल्या आणि भाकऱ्या करपायला लागल्या. म्हातारे बखरी घेऊन पारावर बसले आणि एकमेकांशी भांडले. आणि केतकी? ती एकेक पुस्तक वाचायची. कोणत्याही पुस्तकात बाईचं नाव आलं की नदीवर जायची आणि हाक मारायची. "गोदा!" होडी सुटली, गेली, आणि एका बाईला घेऊन आली. केतकी गुडघाभर पाण्यात धावली. पण ती लोहाराची बहीण निघाली. लोहार रडत पुढे झाला. मग "चंद्रभागा!" आली ती कासाराची बायको. मग "रखमा!" ती कुणाची तरी आईच होती, पण केतकीची नव्हती.

घरोघरी आनंद झाला. लोक केतकीला दुवा द्यायला लागले. आलेल्या प्रत्येक बाईला ती विचारायची, "माझी आई आहे का तिकडे?"

"आहे तर! रोज आम्हाला गोष्टी सांगते."

"तिचं नाव काय?"

बाई म्हणायची, "आम्ही तिला तिकडेही राणीसाहेबच म्हणायचो. नाव काही कुणी विचारलं नाही."

एकीनंसुद्धा नाही हो! इतकी वर्षं एकत्र राहिल्या, तिच्या गोष्टी ऐकल्या, आणि बाई, तुझं नाव काय, एवढं विचारलं नाही कुणी.

आली का आई? माझ्या आजीनं मला ही गोष्ट सांगितली, तेव्हापर्यंत नव्हती आली. केतकी अजून पुस्तकं वाचतेय, अजून नदीवर जातेय. लोहार सुखी झाला, कासार सुखी झाला, राजासुद्धा म्हातारा होऊन सुखानं मेला. सगळी नगरी सुखानं नांदायला लागली, एक ती मुलगी सोडून. संपली गोष्ट. मिटा डोळे.

काय गं इरा? माझं नाव? आजी. बरं बरं, खरं नाव. सुलोचना. ते तुमच्या आजोबांनी ठेवलं, लग्नात, तांदळात लिहून. त्याच्या आधीचं वेगळं होतं. माहेरी मला मंजुळा म्हणायचे. माझा भाऊ होता तोवर फोनवर तरी म्हणायचा. तो गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही.

म्हण बघू तू एकदा. मंजुळा. लाजू नकोस, म्हण.

इरा? ओजस?

झोपली वाटतं दोघं. असू दे. झोपा, बाळांनो.