डोळा राहिलेला राघू

आधी राघू नव्हता. मग झाला.

जाईच्या आईने भरतकामाचं मशीन आणलं. आईचं नाव सुगंधा. तिने मशीन खिडकीपाशी मांडलं. खिडकीबाहेर एक माड होता. उंच उंच. सळसळ, सळसळ.

पहिल्या दिवशी आईने नुसतंच कापड रिंगमध्ये बसवलं. खाली कागद लावायला विसरली. मशीन म्हणालं घर्र. कापडाला पडल्या चुण्या. जास्वंदीचं फूल भरलं, ते दिसलं सुकलेल्या वांग्यासारखं. जाई हसली. आई नाही हसली.

दुसऱ्या दिवशी आईने खाली कागद लावला. रिंग घट्ट आवळली. बोटाने वाजवून बघितली. ढुम. मग हिरवं बटण दाबलं.

टिक टिक टिक टिक.

आधी माड. मग जास्वंद. मग माडावर राघू. हिरवं अंग. लाल चोच. गळ्यात गुलाबी कंठी. डोळा राहिला. डोळा नेहमी शेवटी असतो.

राघू होता अंगठ्याएवढा. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सळसळ, सळसळ. त्याने विचारलं, हे कोण? जाई म्हणाली, "तो आमचा माड. आईने त्याचंच चित्र भरलंय. तू त्याच्यावर बसलायस."

राघूला फार बरं वाटलं. आता डोळा येणार. मग तो माड बघणार.

इतक्यात मशीन वाजलं. टीं टीं टीं. खालच्या बॉबिनमधला दोरा संपला होता. आई बॉबिन भरायला लागली. तोच बाहेर काहीतरी घसरलं. सर्रर्र. फट्. वीज गेली.

आई म्हणाली, राहू दे तसाच. ती भाकऱ्या करायला गेली. जाई तिच्यामागे गेली.

राघू एकटा. डोळा नाही. थोडा वेळ बसला. मग रिंगमधून खाली उतरला. मागे एक दोरा लोंबत होता. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

राघू गेला सुईकडे.

"सुईताई, सुईताई, मला डोळा दे. डोळ्याविना मी माड बघू कसा?"

सुई म्हणाली, "बॉबिन दोरा देईना, तर मी डोळा भरू कसा?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू गेला बॉबिनकडे.

"बॉबिनबाई, बॉबिनबाई,
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

बॉबिन म्हणाली, "माझं पोट रिकामं. मशीन गरगर फिरेना, तर मी दोरा देऊ कसा?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू गेला मशीनकडे.

"मशीनदादा, मशीनदादा,
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

मशीन म्हणालं, "वीज घरात येईना, तर मी फिरू कसं?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू उंबऱ्यावरून अंगणात आला. अंगण तापलं होतं. दोऱ्याचे पाय चटचट भाजले. तो गेला विजेच्या खांबापाशी.

"वीजमावशी, वीजमावशी,
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

वीज म्हणाली, "वायरमन बटण दाबीना, तर मी येऊ कशी?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू गेला वायरमनकडे. वायरमन दत्ताराम खांबाजवळ सावलीत बसून डबा खात होता. त्याने चपाती हातात तशीच धरली. म्हणाला, माणसं फोन करून दमली, आता पोपटही तक्रार घेऊन आला का.

"वायरमनदादा, वायरमनदादा,
वीज घरात येईना.
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

वायरमन म्हणाला, "झावळ तारेवरून उठेना, तर मी बटण दाबू कसं? दाबलं तर जाळ होईल."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू गेला झावळीखाली. झावळ वाळून कोळ झाली होती. तिचा शेंडा तारेवर. तिचं बूड अजून माडाला. मधेच लोंबत होती. खर्र, खर्र.

"झावळकाकू, झावळकाकू,
वायरमन बटण दाबीना.
वीज घरात येईना.
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

झावळ म्हणाली, "मला तरी कुठे इथे राहायचंय? माड मला सोडीना, तर मी उठू कशी?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. राघू गेला माडाकडे. खोडाला चोच लागली. खोड खडबडीत होतं. उन्हातही गार होतं. राघू त्याला टेकून उभा राहिला.

"माडबाबा, माडबाबा,
झावळ तारेवरून उठेना.
वायरमन बटण दाबीना.
वीज घरात येईना.
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी तुला बघू कसा?"

माड हळूच सळसळला. "आलास, बाळा? झावळीच्या बुडाशी खारीचं घरटं आहे. आत तीन पिल्लं आहेत. पिल्लं डोळे उघडीनात, तर मी झावळ सोडू कशी?"

राघूने मान वर केली.

"पिल्लांनो, पिल्लांनो,
माड झावळ सोडीना.
झावळ तारेवरून उठेना.
वायरमन बटण दाबीना.
वीज घरात येईना.
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

वरून आवाज आला. चिक चिक चिक. पिल्लांना बोलता येत नव्हतं. त्यांची आई म्हणाली, "चार दिवस थांब. मग त्यांचे डोळे उघडतील."

माड म्हणाला, "थांबशील ना?"

चार दिवस म्हणजे किती? राघू आजच झाला होता. त्याला एकच दिवस माहीत होता. तोही अजून पुरता झाला नव्हता.

राघू थांबला नाही.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. वाटेवरून चपला वाजत आल्या. चट चट, चट चट. ते होते बाबलकाका. बाबलकाका पूर्वी माडांवर चढायचे. नारळ पाडायचे. वाळक्या झावळ्या तोडायचे. आता त्यांचे गुडघे दुखायचे. खांद्यावर कुऱ्हाड होती.

"बाबलकाका, बाबलकाका,
पिल्लं डोळे उघडीनात.
माड झावळ सोडीना.
झावळ तारेवरून उठेना.
वायरमन बटण दाबीना.
वीज घरात येईना.
मशीन गरगर फिरेना.
बॉबिन दोरा देईना.
सुई डोळा भरीना.
डोळ्याविना मी माड बघू कसा?"

बाबलकाका म्हणाले, "एवढंच ना? वर चढायचं माझं वय गेलं. मी खालून काढतो."

सगळे नाही म्हणाले होते. बाबलकाका एकटे हो म्हणाले. राघू आनंदाने उडाला. टुणुक. खालून काढतात म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. कुऱ्हाड त्याला दिसत नव्हती.

बाबलकाकांनी अंगणातून हाक दिली. आई पिठाचे हात घेऊन दारात आली. काकांनी विचारलं, झावळ काढू, की माडच काढू? झावळीसाठी वर चढायला माणूस मिळत नाही. पुढच्या महिन्यात दुसरी पडेल.

आईने तारेकडे बघितलं. जाईकडे बघितलं. म्हणाली, तीन वेळा झालं असं. पोर अंगणात खेळते. मग म्हणाली, "काढा माड. माझ्याकडे आहे आता कापडावर."

जाई म्हणाली, "मग राघू कुठे बसणार?"

आई म्हणाली, "तो बसलाय की."

बाबलकाकांनी जाईला मागे सरायला सांगितलं. हाताला थुंकी लावली.

खट.

खार घरट्यातून बाहेर आली. एक पिल्लू तोंडात धरलं. खोडावरून खाली, छपरावर वर.

खट.

दुसरं पिल्लू. खाली, वर.

खट.

तिसरं पिल्लू. खाली, वर.

माड म्हणाला, "थांब, थांब. झाली पिल्लांची सोय. सोडतो मी झावळ." त्याने झावळ सोडली. धप.

माडाचं बोलणं राघूला ऐकू आलं. बाबलकाकांना ऐकू आलं नाही. राघू त्यांच्या पायाशी गेला. "काका, झावळ पडली. पुरे."

बाबलकाका म्हणाले, "अर्धा तोडलेला माड ठेवायचा नसतो, राघोबा. तो रात्री घरावर पडतो."

खट.

आता राघूला कळलं. तो वळला. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. इतका जोरात तो कधी उडाला नव्हता. डोळा यायला हवा. माड पडायच्या आधी यायला हवा. एकदा तरी बघायला हवा.

माडाने झावळ सोडली.
खट.
झावळ तारेवरून उठली.
खट.
वायरमनने बटण दाबलं.
खट.
वीज घरात आली.
खट.

राघू उंबऱ्यावर आपटला. उठला. टुणुक टुणुक. रिंगमध्ये चढला. आपल्या जागी बसला. आई हात धुऊन आली.

मशीन गरगर फिरलं.
खट.
बॉबिनने दोरा दिला.
खट.
सुईत काळा दोरा ओवायचा होता. आईने टोक ओलं केलं. पहिल्यांदा गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं.
खट. खट.

"लवकर, सुईताई," राघू म्हणाला.

सुई म्हणाली, "बारा टाके आहेत. मला कमी घालता येत नाहीत."

टिक. खट. टिक. खट. टिक. खट.

दहा टाके झाले. बाहेर कर्रर्र झालं.

अकरा टाके झाले. टिक.

धाड.

घर हादरलं. दोऱ्याची रिळं टेबलावरून पडली. गडगड, गडगड.

बारावा टाका. टिक.

सुईने डोळा भरला.

राघूला दिसायला लागलं. त्याने आधी खिडकीत बघितलं. खिडकीत आभाळ होतं. पांढरं. मोठं. मधे काही नाही. सळसळ नाही.

"माड कुठाय?" राघूने विचारलं.

आई म्हणाली, काय सुंदर जमलाय. पहिलाच राघू, आणि एकही चुणी नाही. तिने मागचे दोरे कात्रीने कापले. कच, कच. मग वायरमनला चहा द्यायला गेली.

जाईने कापडावर बोट ठेवलं. राघूच्या पायाखाली.

राघूने खाली बघितलं. तिथे माड होता. हिरव्या दोऱ्याचा. पाच झावळ्या, सगळ्या सारख्या. राघू वाट बघत राहिला. माड सळसळला नाही. "आलास, बाळा?" असं म्हणाला नाही.

पुढच्या दिवशी आईने त्या कापडाची उशी केली. उशी खिडकीत ठेवली. उशीवर राघू. राघूचं तोंड खिडकीकडे.

एक दिवस गेला. दोन गेले. तीन गेले. चौथा उजाडला. आता राघूला कळलं चार दिवस म्हणजे किती. फार नसतात.

त्याच सकाळी छपरातून आवाज आला. चिक चिक चिक. आपल्या गोष्टीतली एक ओळ राहिली होती. ती आता झाली.

पिल्लांनी डोळे उघडले.

तीन पिल्लं आईबरोबर खाली उतरली. अंगणात एक बुंधा होता, पाटाएवढा. पिल्लं त्याच्यावर चढली. तो लगेच संपला. पिल्लांनी आईकडे बघितलं. पुढे कुठे चढायचं? खार इकडे गेली. तिकडे गेली. बुंध्याभोवती फिरून परत आली.

मग पिल्लांना खिडकीत माड दिसला. ती धावत आली. खिडकीच्या काचेवर नखं घासली. खर्र खर्र. काच गुळगुळीत. पिल्लं घसरली. पुन्हा चढली. पुन्हा घसरली.

राघू सगळं बघत होता. त्याला बघायचं नव्हतं.

टुणुक नाही. आता टुणुक नाही. चारी बाजूंनी शिवण होती. त्याने बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"सुईताई, सुईताई, मला पापणी दे. पापणीविना मी डोळा मिटू कसा?"

सुई म्हणाली, "चित्रात पापणी नाही रे, बाळा. नसलेलं मी भरू कसं?"

काच जागची हलेना.
खार बुंधा सोडीना.
पिल्लांना माड मिळेना.
सुई पापणी भरीना.
राघू डोळा मिटीना.