परातीतले पाय

“…माझ्यामागून आलेल्यांनाही संन्यासवस्त्र मिळाले. मग माझ्यातच काय उणे आहे, बाबा?”

तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता दमियानने विचारले. हातात पाण्याची कळशी होती; आवाजात धार होती.

त्याचे गुरू, पाखोमबाबा, कंदील घेऊन पुढे चालले होते.

डोंगरमाथ्यावरचा तो ख्रिस्ती मठ फार जुना. जागा खडकाळ, थडग्यांना भूमी थोडी. म्हणून काही वर्षांनी साधूंच्या अस्थी वर काढायच्या, पाण्याने धुवायच्या, वर द्राक्षाच्या मद्याची धार धरायची आणि तळघरात मांडून ठेवायच्या, अशी तिथली रीत. कमानींवर बरगड्यांच्या वेली चढल्या होत्या. छताला मणक्यांची फुले उमलली होती. आणि भिंतीभर कवट्या अशा दाटीवाटीने बसल्या होत्या, की जणू कीर्तनाला जमलेली मंडळी.

त्या दिवशी नव्याने काढलेल्या अस्थी धुवायच्या होत्या. दमियानने परात मांडली आणि भराभर हात चालवू लागला.

“बाबा, इतरांचे पाय इथे लटपटतात. मी रोज इथे ध्यानाला बसतो. देह म्हणजे हाडांचा सापळा, हे मला पुरते उमगले आहे. मरणाचे भय माझ्या ठायी तिळमात्र उरलेले नाही.”

“दिसते आहे. कवटी उचलतोस ती भोपळा उचलावा तशी.”

दमियानला ती स्तुती वाटली. पायाचे एक लांब हाड पुसून त्याने फळीवर ठेवले.

बाबा ओट्यावर टेकले. जोडे काढले, मोजे काढले… आणि दोन्ही पाय परातीत ठेवले.

दमियान चपापला. “बाबा! ही अस्थींची परात आहे!”

“मग मी तिच्यात दुसरे काय ठेवले आहे?… धू.”

दमियानने मुकाट्याने कळशी कलती केली.

“अरे अरे, गार आहे की रे, मेल्या!” बाबांनी पाय वर ओढले. “या मंडळींनी निमूट सोसले, म्हणून मीही सोसावे काय?”

दमियानला हसू आवरेना. तो धावत वर गेला आणि मुदपाकखान्यातून ऊन पाणी घेऊन आला. ओतण्याआधी त्याने त्यात बोट बुडवून पाहिले.

मग पाय हातात घेतले.

टाचांना भेगा. नडगीवरची कातडी सायीसारखी पातळ. तिच्याखाली, हाताच्या अंगठ्याला, हाड लागले.

त्याची बोटे थबकली. त्याने फळीकडे पाहिले. पुन्हा हातातल्या पायाकडे पाहिले.

हेच पाय बर्फ तुडवीत फाटकापर्यंत आले होते. दमियान मठात पहिल्यांदा आला, त्या दिवशी, त्याला आत घ्यायला.

“काय रे? थांबलास का?”

दमियानचा अंगठा त्या हाडावरून फिरत राहिला.

“दमियान?”

“बाबा, तुम्ही… तुम्हालाही इथे, या परातीत…”

त्याने ते ओले पाय उराशी धरले.

“मला भीती वाटते, बाबा. फार भीती वाटते. मघाशी उगाच बढाई मारली. मला वस्त्र नको. मी त्याला पात्र नाही.”

बाबांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

“पाय पूस, लेकरा. वर जाऊन तुझ्या वस्त्राचे माप घेऊ.”