विद्यमान गट

एक जंगल होतं. जंगलात एक डोह होता. उन्हाळ्यात बाकीचे झरे आटले तरी डोहाला पाणी असे, त्यामुळे तो कुणाच्या ताब्यात असावा यावरून पूर्वी तिथे रक्तपात होई. मग जंगल सुधारलं. रक्तपात बंद झाला आणि त्याच्या जागी शरीरसौष्ठव स्पर्धा आली. जो जिंकेल त्याने वर्षभर डोह सांभाळायचा आणि कोणी कधी पाणी प्यायचं ते ठरवायचं.

स्पर्धा नैसर्गिक होती. म्हणजे शरीर आपापल्या चाऱ्यावर कमावलेलं हवं. जंगलाचं एक सामाईक कोठार होतं, त्यात दुष्काळासाठी मोहाची फुलं वाळवून ठेवलेली असत. तो मोह चोरून खाल्ला की अंग झपाट्याने फुगतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून स्पर्धकाने वारुळाशेजारी लघवी करायची असा नियम होता. मोह खाल्लेला असला की गोडाला मुंग्या लागत. मुंग्या लागल्या की स्पर्धक बाद.

गट वजनावर पडत. काठच्या ओल्या चिखलात प्रत्येकाने पाऊल ठेवायचं आणि ठसा किती खोल उतरला त्यावरून हलका, मधला की जड हे ठरायचं. सशाला गव्यासमोर उभं करणं अन्यायाचं आहे, इतपत जंगलाला समजलं होतं. तिन्ही गटांचे विजेते शेवटी मोठ्या खडकावर एकमेकांना खेटून उभे राहत आणि सात परीक्षक त्यांच्याकडे बघत. अंगाचं प्रमाण कसं आहे, स्नायूला पीळ किती, चरबी किती उतरली आहे, उभं राहण्याची ढब कशी. प्रत्येकाला मिळालेल्या सात क्रमांकांपैकी सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा वगळायचा, म्हणजे कुणाचं प्रेम किंवा कुणाचा राग निकालात शिरत नाही. नियम चांगला होता. त्या काळी सगळेच नियम चांगले होते.

जड गटात धुळाप्पा नावाचा गवा होता. त्याच्या कळपाला डोहावर सगळ्यांत शेवटी सोडलं जाई. तोवर सत्ताधारी अस्वलांच्या आंघोळी उरकलेल्या असत आणि वासरांना प्यायला गाळ उरे. मागच्या उन्हाळ्यात दोन वासरं गेली. धुळाप्पाने त्यानंतर एकच गोष्ट मनावर घेतली. तो रोज डोंगर चढायचा, उतरायचा आणि वाळकं गवत खायचा. त्याच्या खांद्यांवर असे पीळ उठले होते की गोचिडांना बसायला सपाट जागा मिळेना.

"अंग झालंय खरं," कळपाची म्हातारी म्होरकी आक्का त्याला म्हणायची. "पण अंगाला कोण बघतंय?"

"परीक्षक बघतात, आक्का."

"बघतात रे. पण लिहितात दुसऱ्याचं."

डोह वर्षानुवर्षं भाऊसाहेब अस्वलांकडे होता. पहिल्या वर्षी ते खरोखर जिंकले होते, असं जुने प्राणी सांगतात. पुढे पद अंगी लागलं. एका वर्षी वजनासाठी त्यांनी चिखलात पाय ठेवला तो गुडघ्यापर्यंत गेला आणि चार तरसांना तो ओढून काढावा लागला. ठशाप्रमाणे त्यांना जड गटात, धुळाप्पाशेजारी उभं राहावं लागणार होतं.

स्पर्धा मंडळाचा सचिव मुंगूस होता. तो लगेच पुढे आला.

"भाऊसाहेबांनी चिखलात पाय घालावा, हे पदाला शोभत नाही," तो म्हणाला. "त्यांचं पाऊल यापुढे खडकावर घेतलं जाईल."

खडकावर ठसा उमटला नाही. खोली शून्य भरली. भाऊसाहेब हलक्या गटात गेले आणि तिथे त्यांनी एक ससा व दोन खारींवर निर्विवाद विजय मिळवला. सशाने नंतर सांगितलं, की आपल्याला लढत आवडली.

अंतिम फेरीत त्यांच्या चरबीचा प्रश्न आला नाही, कारण अंगावर केस होते. केसांखाली स्नायू आहेत असं सहा परीक्षकांनी गृहीत धरलं. सातवी परीक्षक टिटवी होती. तिने भाऊसाहेबांना शेवटचा क्रमांक दिला. तो सगळ्यांत खालचा ठरल्यामुळे नियमाप्रमाणे वगळण्यात आला. दरवर्षी टिटवी खरं मत द्यायची, आणि दरवर्षी तेवढंच मत सन्मानाने बाजूला ठेवलं जायचं.

मग वारुळाशी चाचणी झाली. मुंग्यांची रांग लागली. रांग वारुळापासून निघून वडाला वळसा घालून आली.

"मुंग्या दर्शनाला आल्या आहेत," सचिवाने जाहीर केलं.

सशाची गोष्ट मात्र जंगलात चेष्टेचा विषय झाली. माकडं पावसाळाभर भाऊसाहेब आणि ससा यांचं सोंग करत राहिली. तेव्हा मंडळाने सुधारणा हाती घेतल्या. या वर्षी एक चौथा गट निघाला. त्याचं नाव विद्यमान गट. डोह ज्याच्या ताब्यात आहे, तो या गटात. वजनाची अट नाही.

भाऊसाहेबांनी खडकावर चढून भाषण केलं.

"पाणवठ्यावरच्या माझ्या मायबाप प्राण्यांनो! मला कोणी विचारलं, भाऊसाहेब, तुमचं वजन किती? मी म्हणालो, माझं वजन म्हणजे तुमचा विश्वास! आता विश्वास कुणी चिखलात मोजतो का?"

"नाही!" तरसं ओरडली.

"डोह कुणाचा?"

"जंगलाचा!"

"जंगल कुणाचं?"

"भाऊसाहेबांचं!"

साळुंकी निवेदक होती. तिने विद्यमान गटाचा निकाल तिथल्या तिथे सांगून टाकला. स्पर्धक एक, विजेता एक, चुरस मोठी.

गट एकट्याचा आहे अशी कुजबुज झाली, तेव्हा तो वाढवण्यात आला. पहिला आला झुंबर रानडुक्कर. मागच्या वर्षी मधल्या गटात झुंबर बाद झाला होता. मुंग्यांनी त्याला शेपटीपर्यंत झाकलं होतं, आणि 'कोठारलुट्या' हा शब्द खुद्द भाऊसाहेबांनी त्याच्यासाठी तयार केला होता. आता तो सहविद्यमान म्हणून भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला उभा होता.

धुळाप्पाने त्याला पाणवठ्याच्या वाटेवर गाठलं.

"झुंबर, लेका, तू तर बाद होतास ना?"

"मधल्या गटात बाद होतो," झुंबर म्हणाला. तो ओला होता. नुकताच डुंबून आला होता. "गट बदलला की देह नव्याने धरतात. आधीचं खाल्लेलं आधीच्या गटात राहतं."

"पोटात नाही राहत?"

"पोट तेच आहे. पण ते आता नैसर्गिक आहे."

"आणि मुंग्या?"

"येतात की. आता दर्शनाला येतात." झुंबरने अंग झटकलं. "धुळाप्पा, तुझं सगळं चांगलं आहे रे, पण तू फार वाळकं खातोस. डोक्यावर परिणाम होतो."

झुंबरमागून दोन सांबरं गेली, एक नीलगाय गेली, आणि ज्यांना मुंग्या लागायच्या बाकी होत्या ते सगळे घाईने गेले. जड गटात शेवटी धुळाप्पा एकटा राहिला. सचिव त्याच्याकडे स्वतः आला आणि सावलीत बसला.

"धुळाप्पाराव, तुमच्यासारखं अंग विद्यमान गटात हवं. भाऊसाहेबांच्या मागे उभं राहायचं. थोडं वाकून."

"माझ्या कळपाला सकाळी पाणी हवं आहे. ते मी जिंकून घेईन."

"जिंकायला कोण नाही म्हणतंय?" सचिव प्रेमाने म्हणाला. "जिंकल्यावर पुढे काय होईल, एवढंच मी सांगायला आलो होतो. पण तुम्ही ऐकणार नाही असं दिसतंय."

स्पर्धेच्या दिवशी सगळं जंगल खडकाभोवती जमलं. हलक्या आणि मधल्या गटांत कोणी उरलं नव्हतं. खडकावर दोघेच उभे राहिले. शेजारी उभं करण्याची पद्धत ज्याने काढली, त्याला पुढच्या राजकारणाची कल्पना नसावी. एकेकटं पाहिलं तर भाऊसाहेब भारदस्त वाटत. धुळाप्पाशेजारी ते पावसात भिजलेल्या गवताच्या भाऱ्यासारखे दिसू लागले. धुळाप्पाने खांदा वळवला. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत एकेक स्नायू वेगळा होऊन उभा राहिला. भाऊसाहेबांनी खांदा वळवला. पोट थोड्या वेळाने वळलं.

तरसं घोषणा द्यायची विसरली. टिटवीने मान वर केली. नेहमी मान डोलावणारे दोन परीक्षक एकमेकांकडे बघू लागले, आणि त्यांच्यामागे तिसराही. चौघांनी खरं मत दिलं तर वगळून वगळून किती वगळणार, हा हिशेब सचिवाच्या लक्षात आला.

"थांबा," तो म्हणाला. "निकालाआधी चाचणी. या वर्षीपासून आधी आव्हान देणाऱ्याची."

धुळाप्पा निश्चिंत मनाने वारुळाशी गेला. सगळे वाट बघत राहिले. एकही मुंगी आली नाही. कळप आनंदाने हंबरला.

सचिवाने वारुळाला एक फेरी मारली आणि गंभीर चेहऱ्याने परत आला.

"मुंगी नाही," तो म्हणाला. "बंधूंनो, नीट लक्ष द्या. भाऊसाहेबांना मुंग्या येतात. झुंबररावांना येतात. सांबरांना येतात. आमच्याकडे जे कोणी प्रतिष्ठित आहेत, त्या सर्वांना येतात. यालाच का येत नाहीत? इतक्या कोरड्या वर्षात इतकं अंग, आणि पुरावा म्हणून एक मुंगीसुद्धा नाही? पुरावा नष्ट करण्यात आला आहे."

"मी गवत खातो," धुळाप्पा म्हणाला.

"हेच! चोरलेला मोह खाणारा आणखी काय सांगणार?"

तरसांना घोषणा आठवल्या. धुळाप्पा बाद झाला. साळुंकीने निकाल सांगितला, आणि तो सांगताना ती पहिल्यांदाच अडखळली. पण घसा कोरडा पडला असं कारण दिल्यावर तिला लगेच पाणी मिळालं.

ऊन वाढत गेलं. गव्यांच्या कळपाला आता शेवटीसुद्धा सोडत नव्हते. वासरं उभ्याउभ्या डुलायला लागली, तेव्हा आक्काने कळप गोळा केला.

"आम्ही गट बदलतोय," ती धुळाप्पाला म्हणाली.

"आक्का, अगं मग मी हे कशासाठी केलं?"

"ह्यांच्या पाण्यासाठी." तिने वासरांकडे तोंड वळवलं. "मग पाण्यालाच चाललोय ना आम्ही? चल तू पण. वाकायचं म्हणजे काय, गवत खाताना वाकतोसच की."

धुळाप्पा कळपाच्या मागून खाली मान घालून डोहापर्यंत गेला. सचिवाने एकेकाला आत घेतलं. धुळाप्पाची पाळी आली तेव्हा मुंगसाने शेपटी आडवी धरली.

"तुम्हाला नाही घेता येणार."

"का? वाकतो मी."

"धुळाप्पाराव, तुम्ही आलात तर पलीकडे कोण उरतं? सगळं जंगल विद्यमान झालं, तर भाऊसाहेबांनी हरवलं कुणाला, असा प्रश्न येईल. आम्हाला स्पर्धा प्राणांपेक्षा प्रिय आहे. तुमच्यावरचा ठपका मंडळ मोठ्या मनाने मागे घेईल. तुम्ही दरवर्षी उभं राहायचं आणि हरायचं. तुम्ही हरत आहात तोवर तुमचा कळप सकाळी पाणी पिईल."

डोहात वासरं पोटापर्यंत उतरली होती. पाणी पिताना त्यांचे कान हलत होते. धुळाप्पाने ते बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

पुढे त्याने डोंगर चढणं सोडलं. खांदे उतरू लागले तसा सचिव काळजीत पडला. हरणारा मरतुकडा दिसला तर जिंकणाऱ्याची शोभा जाते. कोठारातून त्याच्याकडे मोहाची टोपली येऊ लागली. दोन दिवस त्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी आक्का येऊन टोपलीशेजारी नुसती उभी राहिली, आणि त्याने टोपली संपवली.

आता तो वर्षभर मोठ्या खडकाच्या डाव्या बाजूला उभा असतो. त्याला बोलण्याची पूर्ण मुभा आहे, फक्त ऐकणाऱ्यांची जागा थोडी लांब ठेवली आहे. हिवाळ्यात परदेशातून करकोचे येतात आणि इथे स्पर्धा खरोखर होते का, अशी चौकशी करतात. सचिव त्यांना धुळाप्पाकडे घेऊन जातो. करकोचे त्याच्याभोवती फिरतात, मानेवरचा मांसल उंचवटा पाहतात, आणि विरोधी गटाची तब्येत इतकी ठणठणीत असलेलं जंगल आपण दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, असा शेरा देऊन समाधानाने उडून जातात.