बडतर्फ पाय

सोनगिरीच्या महाराजांना योगाचा नाद लागला आणि दरबाराचे हाल सुरू झाले. विरूपाक्ष योगाचार्यांच्या सांगण्यावरून हुकूम सुटला, की रोज सकाळी सगळ्यांनी दोन घटका वज्रासनात बसायचं आणि जो पाय पसरेल त्याची चाकरी गेली. आचार्य स्वतः मात्र पालखीतून यायचे आणि लोडाला टेकून शिकवायचे.

साठीतल्या रंगोपंत चिटणिसांचे गुडघे पहिल्याच दिवशी ठणकू लागले.

"आचार्य, फार दुखतंय हो," ते म्हणाले.

"दुखतं ते शरीर," आचार्य डोळे मिटून म्हणाले. "तुम्ही म्हणजे शरीर नव्हे. तुम्ही नुसते साक्षी."

थोड्या वेळाने पंतांनी दोन्ही पाय सरळ लांब केले. आचार्य कडाडले, "महाराज, यांना बडतर्फ करा."

पंतांनी हात जोडले. "महाराज, पाय शरीराने पसरले, मी नुसता साक्षी होतो. तेव्हा पायांना जरूर बडतर्फ करा, मी कामावर राहतो. अडचण एवढीच, की चाकरी गेलेले पाय उद्या मला दरबारात कशाला आणतील? मला पालखी लागेल."

महाराजांनी मिशीत हसू दाबलं. "आमची सोडली तर पालखी एकच. ती आचार्यांकडे असते."

"मग प्रश्नच मिटला. आचार्यांना कुठे शरीराचा त्रास होतो?"

दुसऱ्या दिवशी पंत पालखीतून उतरले. बऱ्याच वेळाने आचार्य घामाघूम होऊन पोहोचले आणि पायरीवर बसून पोटऱ्या चोळू लागले.

पंतांनी काळजीने विचारलं, "कुणाच्या दुखताहेत, आचार्य?"