कालच कळलं!

"आजपासून नदीच्या घाटावर बायकांनी तोंड उघडायचं नाही! मुकाट्यानं धुणी धुवायची!" बोरगडच्या रणधवलराजांचा हुकूम सुटला. कारण काय, तर शिकारीत रानडुकराला भिऊन राजे झाडावर चढले, आणि ते खाली उतरायच्या आत सगळा घाट हसायला लागला होता!

झाली की गावाची पंचाईत! कुणाची गाय हरवली, नाव सुटणार की नाही, सगळं घाटावरच कळायचं. दवंडीवाला होता, पण तो मेला रोज एकच ओरडायचा, "महाराज खुशाल आहेत हो!" दुसऱ्याच दिवशी एक आई तापानं फणफणलेलं पोर घेऊन कोसभर उन्हात चालली, तर वैद्यबुवा परगावी आणि दाराला कुलूप. ते ऐकून सारजा परटीण तडक दरबारात गेली.

"म्हाराज, घाट मुका झाला आन् गाव आंधळं झालं! हुकूम मागं घ्या."

"घाटाला कळतं ते मला आधीच कळतं!" राजे गुरकावले. "मला ठाऊक नसलेली एक तरी बातमी सांग, घाट तुमचा. नाही जमलं, तर तू गावाबाहेर!"

"बरं. कुंभाराच्या गाढवीला शिंगरू झालं."

"ठाऊक आहे!"

शेजारचे तात्याजी कारभारी लगेच म्हणाले, "कालच कळलं!"

"वैद्यबुवांनी सासऱ्याचा दुखरा दात ठेवून चांगलाच उपटला!"

"ठाऊक आहे!"

"कालच कळलं!"

सारजानं ओळखलं, राजे कशालाही हो म्हणणार आणि कारभारी त्यांची री ओढणार. तिनं पदर खोचला.

"आता शेवटची. म्हाराजांनी हुकूम मागं घेतलाय, आन् बायांना बसाया घाटावर दगडी पार बांधून देनार हायेत. ठावं हाय का?"

राजांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारभाऱ्यांची जीभ मात्र सवयीनं सुटली, "ठाऊक आहे! कालच कळलं!"

"मग झालं तर!" सारजा म्हणाली. "ठावं आसंल तर हुकूम गेलाच. नसंल तर मी जितले. तुमीच सांगा, म्हाराज!"

राजांनी कारभाऱ्यांकडे डोळे वटारले. पण त्यांचं ते पडलेलं तोंड बघून राजांनाच हसू फुटलं, आणि ते पोट धरून हसत सुटले.

"घाट तुमचा, बाई! पारही बांधतो, आणि त्याचे दगड आमचे तात्याजी वाहतील!"

राजांनी बक्षीस दिलेलं जरीचं लुगडं काखेत मारून सारजा घाटावर पोचली, तर पार पिंपळाखाली की उंबराखाली, यावरून बायकांचं भांडण केव्हाच जुंपलं होतं!